‘विज्ञापना’ आणि ‘जाणिजे’ : व्यवहारातल्या स्पष्टपणाचा प्रश्न

परदेशी ग्राहकांशी कसे बोलावे, कसे लिहावे, हे शिकवणारे वर्ग पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत भरतात. त्यांत एक वाक्य हटकून ऐकू येते : भारतीय माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही. मग ठरलेला दाखला येतो. युरोपातला ग्राहक विचारतो, शुक्रवारपर्यंत काम होईल का? इकडचा मुलगा ‘हो’ म्हणतो. शुक्रवार उजाडतो आणि काम झालेले नसते. ग्राहक चिडतो. प्रशिक्षक समजावून सांगतो की यात लबाडी नाही, ही संस्कृती आहे. भारतीय ‘हो’चा अर्थ ‘ऐकले’ एवढाच असतो. वर्गातली मुले हसतात, कारण दाखला ओळखीचा असतो.

दाखला खराच आहे, पण त्याचे दिलेले कारण खरे आहे का? ‘संस्कृती’ हे उत्तर एकदा स्वीकारले, की पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही. तो ‘हो’ कोणी कोणाला म्हटला? ‘नाही’ म्हटले असते तर कोणाचे काय गेले असते? शुक्रवारची तारीख कोणी ठरवली होती? हे प्रश्न का विचारले जात नाहीत, हे समजून घ्यायचे तर या वर्गांमागे जी पुस्तके आहेत ती वाचायला हवीत. ती व्यवस्थापनशास्त्रात मोडतात म्हणून वाङ्मयाचे अभ्यासक त्यांच्या वाटेला जात नाहीत. पण माणसामाणसांतल्या बोलण्याचा अर्थ लावणारे, आणि लाखो वाचकांनी प्रमाण मानलेले हे लेखन आहे. त्याची समीक्षा व्हायला हवी.

१

या लेखनप्रकाराची सुरुवात एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञापासून धरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची माणसे जगभर जाऊ लागली, आणि त्यांना तयार करण्यासाठी परराष्ट्र खात्याने जी प्रशिक्षण संस्था चालवली, तिथे हॉल १९५०च्या दशकात शिकवत होते. त्या अनुभवातून १९५९ साली ‘द सायलेंट लँग्वेज’ हे पुस्तक आले. वेळ, अंतर, शांतता यांनाही भाषा असते, हे हॉल यांनी फार बारकाईने दाखवले. पुढे १९७६च्या ‘बियाँड कल्चर’मध्ये त्यांनी संस्कृतींची एक रांग लावली. एका टोकाला जिथे बरेचसे न बोलता समजून घ्यायचे असते अशा संस्कृती, उदाहरणार्थ जपानी. दुसऱ्या टोकाला जिथे सगळे शब्दांत सांगावे लागते अशा, उदाहरणार्थ जर्मन. पहिलीला संदर्भबहुल म्हणू, दुसरीला संदर्भविरळ.

त्याच धाग्यावर पुढे एरिन मेयर यांचे ‘द कल्चर मॅप’ (२०१४) आले. मेयर ‘इन्सिआड’ या व्यवस्थापनसंस्थेत शिकवतात. त्यांनी बोलणे, दोष दाखवणे, पटवणे, नेतृत्व, निर्णय, विश्वास, मतभेद आणि वेळ अशा आठ पट्ट्या आखल्या आणि प्रत्येक पट्टीवर देशांची नावे मांडली. पुस्तक वाचनीय आहे, लेखिका चतुर आहे, आणि कोणताही देश स्वतःहून कुठेच नसतो, दुसऱ्याच्या तुलनेत असतो, हे ती स्पष्टपणे सांगते.

तरी या लेखनाची घडण पाहिली की एक गोष्ट जाणवते. त्याचा मूळ घटक आहे किस्सा, आणि किश्श्यात साधारणपणे दोनच पात्रे असतात : एक परदेशातून आलेला अधिकारी, दुसरा स्थानिक माणूस. अधिकाऱ्याला काही कळत नाही, तो गोंधळतो, मग त्याला संस्कृतीची किल्ली मिळते आणि कोडे सुटते. स्थानिक माणूस मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तसाच राहतो. तो कोड्याचा विषय असतो, कोडे सोडवणारा नसतो. त्याचा पगार किती, त्याची नोकरी कोणाच्या हाती, त्याने कोणाला पाठ दाखवून हा ‘हो’ म्हटला, यांचा उल्लेख बहुधा येत नाही. किस्सा आटोपशीर राहतो तो त्यामुळेच.

२

किश्श्यांना आकड्यांचा आधार मिळाला तो गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाच्या १९८०च्या ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ या ग्रंथामुळे. आयबीएम कंपनीने १९६७ ते १९७३च्या सुमारास जगभरच्या आपल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवर तो उभा आहे. त्यातून निघालेल्या मोजमापांपैकी ‘सत्ता-अंतर’ हे सर्वांत गाजले. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातली विषमता त्या समाजातली माणसे किती निमूटपणे स्वीकारतात, त्याचा हा आकडा. भारताचा ७७, अमेरिकेचा ४०, ब्रिटनचा ३५. प्रशिक्षणवर्गातल्या पडद्यावर हे खांब शेजारीशेजारी उभे केले, की वाद संपल्यासारखा वाटतो.

पण हा भारताचा आकडा म्हणजे कोणाचा? एका अमेरिकी कंपनीत त्या काळी नोकरीला असलेल्या भारतीयांचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती कंपनी भारतातून निघूनही गेली. आकडा मात्र इथेच राहिला. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात या संशोधनाची झडती घेतली. पाकिस्तानातून पहिल्या फेरीत ३७ आणि दुसऱ्या फेरीत ७० जणांचीच उत्तरे आली होती, हे त्यांनी निदर्शनास आणले. पाहणीच्या त्या वर्षांतच त्या देशाचे दोन देश झाले, ही गोष्ट आपल्याला तरी विसरता येत नाही.

देशाचा आकडा एकेका माणसाला लावू नये, असे हॉफस्टेड यांनी स्वतःच बजावले आहे. पण आकड्याचा उपयोग नेमका तसाच होतो. ‘तू भारतीय, तुझे ७७’, असे कोणी तोंडाने म्हणत नाही. वागते मात्र तसेच.

३

संदर्भबहुल आणि संदर्भविरळ ही विभागणी आपल्याकडच्या जुन्या कागदांवर ताडून पाहू. मराठी व्यवहारात पत्रलेखनाचे एक शास्त्रच होते. हेमाद्रीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकापासून पुढे कोणाला कोणता मायना लिहावा, याचे नेम ठरत गेले. थोरल्याला लिहिताना ‘विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे’, हाताखालच्याला ‘जाणिजे’. ज्याने मोडी कागद हाताळले आहेत, त्याला हे नवे नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र आपण काढलेला नाही.

एकच माणूस एकाच दिवशी दोन पत्रे लिहितो. वरच्याला लिहिलेल्या विज्ञापनेत नकारसुद्धा इतक्या आर्जवाने येतो की तो दोनदा वाचावा लागतो : आज्ञा शिरसावंद्य, परंतु पाऊसकाळ, परंतु घोडी थकली, परंतु स्वामी समर्थ. त्याच हाताने किल्ल्यावरच्या हवालदाराला लिहिलेले पत्र चार ओळींचे असते : अमुक करणे, हयगय न करणे, जाणिजे. आता हा माणूस संदर्भबहुल म्हणायचा की संदर्भविरळ? संस्कृती दोन्ही पत्रांत तीच आहे. बदलला आहे तो वाचणारा.

तिसरा कागद सावकाराच्या पेढीवरचा. हुंडीवर रक्कम लिहायची जुनी रीत अशी, की आधी पूर्ण आकडा, मग त्याचे निमे, आणि त्या निम्म्याची दुप्पट. पाचशे रुपये, ज्याचे निमे अडीचशे, त्याचे दुप्पट पुरे पाचशे. हुंडी दर्शनी की मुदती, आणल्याबरोबर पैसे द्यायचे की दिवस भरल्यावर, पैसे कोणाला द्यायचे, हेही ठरलेल्या शब्दांत. एक रक्कम तीन प्रकारे सांगणाऱ्या या कागदापुढे जर्मन करारनामाही मोघम वाटेल. ज्या समाजाला ‘सगळे न बोलताच समजून घ्यायचे असते’ असे आपल्याला शिकवले जाते, त्याच समाजाने हा कागद घडवला. कारण उघड आहे. खाडाखोड झाली तर पेढीला तोशीस बसणार होती. मोघमपणाचा तोटा जिथे दोन्ही पक्षांना होता, तिथे त्यांनी स्पष्टपणा शोधून काढला. विज्ञापनेत स्पष्टपणाचा तोटा एकट्या लिहिणाऱ्याला होता. तिथे त्याने आडवळण शोधले.

आजचा दाखलाही दूरचा नाही. दुकानदाराने लावलेली पुणेरी पाटी म्हणजे जगातला अतिशय संदर्भविरळ मजकूर. त्याच दुकानातला पगारी नोकर मालकाला मात्र ‘बघतो साहेब’ म्हणतो. दोघेही त्याच पेठेतले असतात.

४

इंग्रजांशी झालेला मराठ्यांचा व्यवहार तर या मुद्द्याची जणू दीडशे वर्षांची कसोटीच आहे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली. तिची भरपाई मिळवण्यासाठी आणि व्यापाराच्या सवलतींसाठी ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन याला रायगडावर पाठवले. त्याने लिहून ठेवलेली हकिकत इंग्रज वखारीच्या कागदांत आहे, आणि राज्याभिषेकाचे एक साधन म्हणून आपण ती वाचत आलो आहोत. व्यवहारातल्या शिष्टाचाराचा दस्तऐवज म्हणून ती वाचली तर वेगळे काही दिसते.

महाराज प्रतापगडाच्या भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून इंग्रजांचा वकील गडाखाली पाचाडला थांबून राहिला. निराजीपंतांच्या मध्यस्थीने पावले टाकायची होती. महाराजांबरोबर अधिकाऱ्यांनाही नजराणे द्यायला हवेत, हे ध्यानात ठेवायचे होते. भरपाईचा विषय काढायचा, पण सिंहासनासमोर नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी दरबारात ऑक्झिंडेन अंतरावर उभा राहून लवला. हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवली ती दुभाष्या नारायण शेणवी याने. महाराजांचे लक्ष गेले, त्यांनी सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावून घेतले, वस्त्रे दिली आणि निरोप दिला. कराराची कलमे पुढे स्वतंत्रपणे ठरली.

थांबणे, मध्यस्थ गाठणे, मुद्दा सूचित करणे, नात्याला आधी आणि कामाला नंतर जागा देणे : आजच्या पुस्तकांत ‘आशियाई’ म्हणून सांगितली जाणारी ही सगळी लक्षणे इथे एका इंग्रजाच्या वागण्यात आहेत. उलट, स्पष्ट नकार दिला तो रायगडाने. फुटलेल्या गलबतांवरचा माल परत द्यावा, हे इंग्रजांचे मागणे तिथे सरळ नाकारले गेले; जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करावा, ही सूचनाही. सत्ता-अंतराचा ७७ आणि ३५ हा हिशेब त्या दरबारात नेमका उलटा झाला असता.

आता हाच देखावा १८१७ साली पाहू. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा फारशी जाणणारा, वाचनवेडा, दरबारी रीतींत मुरलेला माणूस. इथला शिष्टाचार त्याला ऑक्झिंडेनपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होता. त्र्यंबकजी डेंगळे प्रकरणात त्याने दुसऱ्या बाजीरावाला काय कळवले? त्र्यंबकजीला एका महिन्यात आमच्या हवाली करा, आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड आमच्या ताब्यात द्या. ज्या रायगडाच्या पायथ्याशी कंपनीचा वकील तिष्ठत बसला होता, तोच गड कंपनीने एका पत्राने तारण मागितला. आडवळणाने बोलण्याची पाळी आता बाजीरावावर आली होती, आणि पुढे इतिहासकारांनी त्या आडवळणाला त्याचा स्वभाव म्हटले. तो स्वभावही असेल. पण दीडशे वर्षांत इंग्रजांची संस्कृती जेवढी बदलली नाही, तेवढे त्यांचे पायदळ बदलले होते.

आपल्याकडे हे कोणाला कळलेच नव्हते असे नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले मानले जाणारे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ टोपीकरांविषयी सावध करते. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, म्हणून यांना किनाऱ्यालगत ठाणे करू देऊ नये, असा त्याचा आशय. टोपीकर कसे बोलतात, कसे लवतात, यापेक्षा त्यांच्या पाठीशी कोण उभे आहे, हे अमात्यांना महत्त्वाचे वाटले. हॉल, हॉफस्टेड आणि मेयर यांच्या मांडणीत उणीव आहे ती नेमकी या नजरेची.

आणखी एक माणूस या पुस्तकांतून गळाला आहे : नारायण शेणवी. दोन संस्कृती समोरासमोर उभ्या राहतात असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात मध्ये एक माणूस उभा असतो, आणि दोन्हीकडचे शब्द त्याच्या अंगावरून जातात. आज त्याला ऑनसाइट समन्वयक म्हणतात. ग्राहकाचा राग आणि मुलांचा ‘हो’ दोन्ही त्यालाच पेलावे लागतात. पट्ट्यांवर देशांची नावे मांडली की या माणसाला उभे राहायला जागा उरत नाही.

५

हा वाद पुस्तकी नाही, याचा सर्वांत दुःखद पुरावा विमानवाहतुकीत आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आवियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कजवळ कोसळले. त्यातल्या १५८ जणांपैकी ७३ जण दगावले. विमानात बिघाड नव्हता. खराब हवेमुळे त्याला सव्वा तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या आणि इंधन संपले. सहवैमानिकाने नियंत्रकांकडे ‘प्राधान्य’ मागितले होते, इंधन संपत असल्याचेही सांगितले होते. ‘आणीबाणी’ हा शब्द मात्र उच्चारला नव्हता.

माल्कम ग्लॅडवेल यांनी ‘आउटलायर्स’ (२००८) या लोकप्रिय पुस्तकात या अपघाताचे विवेचन हॉफस्टेड यांच्या आकड्यांच्या मदतीने केले. कोलंबियाचे सत्ता-अंतर ६७, म्हणून सहवैमानिक मवाळ बोलला, असा त्याचा सारांश. तो मवाळ बोलला हे खरेच. पण कॉकपिटमधला संवाद ध्वनिमुद्रित झाला आहे. आपण आणीबाणीत आहोत हे त्यांना सांग, असे विमानाच्या कप्तानाने सहवैमानिकाला सरळ शब्दांत बजावले होते. तोही कोलंबियाचाच. स्पष्टपणा हरवला तो कॉकपिट आणि नियंत्रणकक्ष यांच्यामध्ये, जिथे एका परक्या विमानाचा कनिष्ठ वैमानिक परक्या भाषेत गर्दीच्या विमानतळाशी बोलत होता.

अमेरिकी तपासमंडळाने वैमानिकांच्या चुका पदरात घातल्याच. त्याबरोबर विमानांची गर्दी नीट न हाताळल्याचा दोष अमेरिकी यंत्रणेवर ठेवला, आणि इंधन कमी असल्याचे सांगण्यासाठी सर्वांना कळेल अशी ठरावीक परिभाषाच नव्हती, हेही नोंदवले. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत ती आली. कमी इंधनासाठी एक शब्दप्रयोग, आणीबाणीसाठी दुसरा. ऐकणाऱ्याने त्यावर काय करायचे तेही ठरले. कोलंबियाची संस्कृती बदलेपर्यंत कोणी थांबले नाही. हुंडीवर निमे आणि दुप्पट लिहिणाऱ्या सावकारांनी केले तेच इथे झाले.

६

मग संस्कृती काहीच नाही का? तसे म्हणणे म्हणजे दुसरे टोक गाठणे. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारी आपण माणसे. आपल्या ‘बघू’मध्ये किती नकार असतो ते बाहेरच्याला सांगावेच लागते. जपानी माणसाची शांतता, फ्रेंच माणसाचा वाद, डचांचा फटकळपणा यांची ओळख करून देणारे पुस्तक पहिल्या भेटीला उपयोगी पडते. हॉल यांचे ऋण यासाठी मान्य करायला हवे. अनेक देशांची माणसे एकत्र काम करतात तिथे सगळे शब्दांत मांडावे, ही मेयर यांची सूचनाही शहाणपणाची आहे. तक्रार आहे ती एवढीच, की जे उतरंडीमुळे घडते तेही या पुस्तकांनी संस्कृतीच्या खात्यावर टाकले. खतावणी चुकली की ताळेबंद जुळत नाही.

ही चूक कोणाच्या सोयीची आहे, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. शुक्रवारची तारीख ज्याने अवास्तव लावली तो तिच्यामुळे सुटतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे मूल्यमापन ज्याने खाली ओढले तो सुटतो. आणि ज्या मुलाने ‘हो’ म्हटले त्याच्या माथी एक उणीव कायमची बसते, तीही त्याच्या जन्माशी जोडलेली. उद्या तोच मुलगा गटाचा प्रमुख होतो आणि हाताखालच्यांना ‘आजच्या आज पाहिजे’ असे चार शब्दांत लिहितो, तेव्हा कोणीही त्याला संदर्भविरळ म्हणायला येत नाही. तो ‘विज्ञापने’वरून ‘जाणिजे’वर आलेला असतो, एवढेच.

म्हणून त्या प्रशिक्षणवर्गात मुलांच्या आधी ग्राहकाला आणि व्यवस्थापकाला बसवायला हवे. ‘होईल का?’ असे विचारू नका, ‘कधी होईल आणि काय अडेल?’ असे विचारा, हे त्यांना शिकवायला हवे. कारण पहिल्या प्रश्नाचे सोयीचे उत्तर एकच असते. ‘नाही’ म्हणणाऱ्याला तोशीस लागणार नाही, हे लेखी द्यायला हवे. अडचण सांगण्याचे ठरलेले शब्द हवेत, आणि ते कानी पडल्यावर काय करायचे हेही ठरलेले हवे. एवढे करूनही तो मुलगा ‘हो’च म्हणत राहिला, तर मग खुशाल त्याच्या संस्कृतीकडे बोट दाखवावे.